सौरपॅनेलचा कारखाना आणि माणसाचा हात

सातपुडा उतरून नागपूरच्या सपाटीकडे येणाऱ्या दोन वाटांवर सौंसर आणि पांढुर्णा ही गावे वसलेली आहेत. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडणाऱ्या या दोन तालुक्यांचा ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरची बोली मराठी, सरकारी कागद हिंदी, आणि शेतात कापूस व संत्री, असा हा मुलूख. येथील बागांच्या कडेला आता लोखंडी सांगाड्यावर बसविलेली, दक्षिणेकडे कललेली निळी-काळी पॅनेले दिसू लागली आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या कुसुम योजनेने शेतातल्या पंपाला सूर्याची वीज दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांचे साह्य ठरले. वस्तू दारात आली की ती बनविण्याचे काम आपल्या मुलांना मिळेल काय, हा प्रश्न ओघानेच येतो. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन वा फिटर होऊन बाहेर पडणाऱ्या आणि बुटीबोरीच्या कारखान्यांकडे डोळे लावून बसलेल्या तरुणाला तर तो फारच जवळचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी पॅनेल बनते कसे, हे पाहिले पाहिजे.

पॅनेल म्हणजे वरून काच, खालून दुसरी काच किंवा प्लॅस्टिकचा जाड पडदा, आणि मध्ये पारदर्शक पदार्थाच्या दोन थरांत चिकटवून बसविलेल्या सिलिकॉनच्या चकत्या. या चकतीला सौरघट म्हणतात. प्रकाश पडला की प्रत्येक घटातून थोडी वीज निघते, परंतु एकट्या घटाच्या विजेचा दाब अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या वर जात नाही. म्हणून माळेत मणी ओवावेत तसे घट एकामागून एक तारांनी जोडावे लागतात. एका घटाच्या वरच्या अंगाला चिकटविलेली तार पुढच्या घटाच्या खालच्या अंगाला नेऊन पुन्हा चिकटवायची, आणि चिकटवायची म्हणजे सोल्डरिंग करायचे. सोनार दागिन्याला डाग देतो, त्याच जातीचे हे काम होय. हात आणि यंत्र यांचा सारा झगडा या एका कृतीभोवती फिरतो.

सिलिकॉनचा उपयुक्त सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्के प्रकाशाचीच तो वीज करी. भारतात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७७ साली पहिला सौरघट आणि १९७८ साली पहिले पॅनेल बनविले. त्या काळचे घट जाड असत, प्रत्येकावर दोन-तीनच रुंद पट्ट्या असत, आणि पॅनेलेही थोडी लागत. टेबलाशी बसून, हातात सोल्डरिंगची लोखंडी घेऊन, सवयीची बाई वा पुरुष दिवसभरात बरेच घट जोडू शके. पुढे कित्येक वर्षे लहान कारखान्यांतून हीच रीत चालली.

आज घटाची जाडी १३० ते १५० मायक्रॉनवर आली आहे. एका मिलिमीटरचे सात भाग केले तर त्यांतील एकाएवढी ही जाडी. डोक्यावरचे दोन केस एकावर एक ठेवावेत, इतपत. सिलिकॉन महाग, म्हणून चकती पातळ करण्याकडे सर्वांचा कल असतो. त्याचबरोबर दोन रुंद पट्ट्यांऐवजी दहा ते सोळा बारीक तारा आल्या, कारण तारा अधिक असल्या की विजेला जवळची वाट मिळते. मोठ्या पॅनेलात आता घटाचे दोन तुकडे करून असे १४४ तुकडे बसवितात. प्रत्येक तुकड्याला सोळा तारा, आणि त्या वरून व खालून अशा दोन्ही अंगांना, हा हिशोब केला तर एका पॅनेलात चिकटवायच्या तारांची संख्या ४,६०८ होते. सूर्यघर योजनेतील तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला अशी सहा पॅनेले लागतात, म्हणजे एका घराच्या छपरामागे सत्तावीस हजारांहून अधिक जोड!

हे काम स्ट्रिंगर नावाचे यंत्र करते. निर्वात चोषकाने ते घट उचलते, कॅमेऱ्याने त्याची जागा व कडा तपासते, तारा ताणून त्यावर ठेवते आणि वरून उष्णता देऊन सर्व जोड एकदमच पक्के करते. तासाला हजारो घट या रीतीने जोडले जातात. वेग हा एक गुण झाला, परंतु दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. हाताने दिलेली उष्णता कुठे कमी तर कुठे अधिक पडते. लोखंडी किंचित जोराने टेकली तरी पातळ घटाला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते. ती चीर कारखान्यात काही बोलत नाही. पांढुर्ण्याच्या मे महिन्यातील उन्हात पॅनेल दिवसा तापते, रात्री निवते, असे काही उन्हाळे गेले की तार आणि सिलिकॉन यांच्या प्रसरणातील फरकामुळे चीर वाढते, तेवढा भाग मुका होतो आणि कधी कधी तापून डागाळतो. पॅनेलची हमी तर पंचवीस वर्षांची देतात.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. जोडलेल्या माळा यंत्राचा हात काचेवर मांडतो. दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास, हवा काढून घेतलेल्या भट्टीत सारे थर एकजीव होतात. ॲल्युमिनियमची चौकट बसते, पाठीमागे वायरची पेटी लागते. मध्ये एक परीक्षा मात्र मोठी मनोरंजक आहे. अंधाऱ्या पेटीत पॅनेलला उलट बाहेरून वीज देतात, तेव्हा निरोगी घट डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने उजळतो आणि चीर काळ्या रेघेसारखी कॅमेऱ्यात उमटते. हे छायाचित्र पाहून पॅनेल पास की नापास हे ठरविण्याचे काम पूर्वी माणूस करी. आता तेही पुष्कळ ठिकाणी संगणकाकडे गेले आहे. नापास झालेल्या पॅनेलातील खराब घट काढून नवा बसविणे मात्र बहुधा अजून हाताचे काम राहिले आहे. यंत्राच्या चुका निस्तरण्यासाठी का होईना, सोल्डरिंगची लोखंडी तेवढ्या एका टेबलावर तापलेली असते.

या यंत्राविरुद्ध गळा काढण्याचे कारण नाही. सोल्डरमध्ये बहुधा शिसे असते. त्याच्या धुरात मान वाकवून आणि डोळे ताणून आठ तास बसणे, हे काही टिकवून धरावे असे सुख नव्हे. तथापि ज्या हातांचे काम गेले त्यांचे पुढे काय, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही, आणि कापसाच्या या पट्ट्यात तो नवाही नाही. सरकी हाताने काढण्याचे काम जीनने नेले, सूत कातण्याचे काम गिरणीने नेले. पांढुर्ण्याहून फार लांब नसलेल्या वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे ज्यांनी १९३६ पासून आपले ठाणे केले, त्या गांधीजींनी याच प्रश्नाचा आयुष्यभर विचार केला. ते सरसकट यंत्राचे वैरी होते, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. १९२४ साली शांतिनिकेतनातील विद्यार्थी जी. रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संभाषणात त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद आवर्जून केला होता. त्यावर रामचंद्रन यांनी अचूक बोट ठेवले: शिवणयंत्र बनवायला कारखाना लागेल आणि त्यात मोठी यंत्रे लागतील, त्यांचे काय? गांधीजींनी ते मान्य केले आणि असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत, असे उत्तर दिले. पुढे १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीसही जाहीर केले. म्हणजे यंत्र सुधारण्यास ना नव्हती; सुधारणा कोणाच्या हाती राहते, एवढेच पाहायचे होते.

सौरपॅनेल हे या अर्थाने आजचे शिवणयंत्र आहे. बागेतल्या पंपाला, घरच्या पिठाच्या चक्कीला, शिंप्याच्या मशीनला ते बळ देते. परंतु ते स्वतः बनते अशा जागी, की जेथे हाताला जागा थोडी. हाताने काय साधते याचाही एक प्रयोग होऊन गेला आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक चेतनसिंह सोलंकी, हे मूळचे मध्य प्रदेशातीलच खरगोन जिल्ह्याचे, यांच्या पुढाकाराने २०१४ पासून महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आदी राज्यांतील शाळकरी मुलांना १२० रुपयांत सौरदिवे मिळाले. ते दिवे गावोगावच्या स्थानिक लोकांनी, त्यांत पुष्कळ स्त्रियांनी, जोडले आणि दुरुस्तही केले. पुढे राजस्थानात डुंगरपूर येथे आदिवासी स्त्रियांच्या मालकीचा पॅनेलांचा छोटा कारखानाही निघाला. दिव्यातील जोड मोजके असतात, बिघडला तर शेजारची बाई तो उघडून नीट करू शकते. म्हणून तेथे हात यशस्वी झाला. पंचवीस वर्षे बंद राहायच्या काचेला ही सोय नाही.

आता सरकारी हिशोब पाहावा. केंद्र सरकारने मान्य केलेल्या कारखान्यांची पॅनेले बनविण्याची क्षमता ऑगस्ट २०२५ मध्ये वर्षाला १०० गिगावॅट, म्हणजे एक लाख मेगावॅट झाली. २०१४ साली देशाची क्षमता २.३ गिगावॅट होती. या वाढीसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाची योजना आखली गेली: २०२१ साली ४,५०० कोटी आणि २०२२ साली आणखी १९,५०० कोटी रुपये. प्रोत्साहनाची रक्कम विकलेला माल, पॅनेलची कार्यक्षमता आणि देशी मालाचा वाटा यांवर ठरते. कारखान्याने किती माणसे कामाला ठेवली, हा आकडा त्या सूत्रात नाही. नर्मदेकाठी नर्मदापुरम जिल्ह्यात मोहासा-बाबई येथे ऊर्जासामग्रीच्या कारखान्यांसाठी औद्योगिक क्षेत्र उभे राहत आहे, आणि पांढुर्ण्याहून इटारसीकडे रेल्वेचा सरळ रस्ता आहे. कारखाना आला म्हणजे घरटी नोकरी आली, असे समजून बिऱ्हाड हलविणाऱ्याची मात्र निराशा होईल. तेथे जागा आहेत त्या यंत्र बिघडल्यावर ते वाचू शकणाऱ्यांच्या. आणि यंत्रे बहुतांशी चिनी असल्याने ते वाचणे शिकविणारी शाळाही सहजी सापडत नाही.

अधिक हात लागतात ते पॅनेल कारखान्यातून बाहेर पडल्यावर. दिल्लीच्या ऊर्जा, पर्यावरण आणि जल परिषदेने दुसऱ्या एका संस्थेबरोबर केलेल्या अभ्यासानुसार जमिनीवरील मोठ्या प्रकल्पात दर मेगावॅटमागे एका माणसाचे सुमारे साडेतीन वर्षांचे काम निघते, तर घराघरांच्या छपरांवर तेवढीच क्षमता बसविताना पावणेपंचवीस वर्षांचे. हे समजण्यासारखे आहे. मोठ्या प्रकल्पात सपाट जमिनीवर एकसारख्या रांगा असतात. पॅनेले पुसण्यासाठी तेथे यंत्रमानव फिरू लागले आहेत, आणि अमेरिकेत तर ती उचलून बसविणारेही आले आहेत. सौंसरच्या एका गल्लीतील दहा घरांची छपरे मात्र दहा तऱ्हेची असतात. एकावर कौले, दुसऱ्यावर पत्रा, तिसऱ्याच्या गच्चीवर शेजारच्या कडुनिंबाची सावली. तेथे यंत्रमानव अजून चढलेला नाही.

परंतु हे काम रोजंदारीचे समजले जाते, आणि घाई दर पॅनेलमागे ठरलेल्या मजुरीची असते. सूर्यमित्र नावाचे प्रशिक्षण २०१५ पासून सरकारने सुरू केले आहे, तरी ठेकेदाराबरोबर छपरावर चढणारा मुलगा पुष्कळदा काहीच न शिकता चढतो. तो पॅनेल डोक्यावर तोलून जिना चढतो, मधल्या नटाला हात पुरत नाही म्हणून बसविलेल्या पॅनेलवर गुडघा टेकतो, कधी पायही देतो. काच फुटत नाही. कारखान्यात निर्वात चोषकाने अलगद उचललेल्या, अंधाऱ्या पेटीत तपासून पास केलेल्या घटाला तेथे पहिली चीर जाते. आणि ती पाहायला छपरावर कॅमेरा नसतो. पॅनेल धरावे कसे, चौकटीच्या नेमक्या कोणत्या भागावर चिमटा आवळावा आणि किती जोराने, हे शिकवायला आठवडा पुरतो. त्या आठवड्याची मजुरी कोणी द्यायची, ठेकेदाराने, कंपनीने की योजनेने, हे अद्याप कोणत्याही निविदेत ठळक अक्षरांत लिहिलेले आढळत नाही.