पडदा चिकटला, पुढे काय?

बदलापूर-अंबरनाथकडे 'डोळ्याचं ऑपरेशन' म्हटलं की मोतीबिंदूच आठवतो. पट्टी निघाली की लख्ख दिसायचं! पडद्याच्या ऑपरेशनकडूनही घरचे तीच आशा धरतात आणि नाराजीची सुरुवात तिथेच होते.

पडदा म्हणजे रेटिना. तो फाटून सुटला किंवा मधुमेहाने डोळ्यात रक्त उतरलं, तर आतला जेलीसारखा भाग काढून पडदा दुरुस्त करतात. रॉबर्ट माखेमर यांनी १९७०च्या सुमारास मायामीत रुजवलेली ही व्हिट्रेक्टॉमी. पडदा चिकटून राहावा म्हणून मग गरजेप्रमाणे आत गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात. गॅस आपोआप विरतो; तेल बहुधा काही महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन करून काढतात.

गॅसचे दिवस कसोटीचे. अनेकांना डॉक्टर पालथं झोपायला सांगतात. एका खोलीच्या संसारात तेही सोपं नसतं. सुरुवातीला सगळं धूसर. मग वरून उजेड फाकतो आणि पेल्यातल्या पाण्यासारखी एक रेघ नजरेत डुचमळू लागते. ती रोज खाली सरकते, शेवटी तळाशी एक गोल बुडबुडा उरतो, तोही एके दिवशी जातो. हे आधी सांगितलेला रुग्ण रेघेकडे बघत दिवस मोजतो. न सांगितलेला घाबरतो. गॅस आहे तोवर विमान, माळशेज, माथेरान बंद. उंचावर गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो.

तक्त्यावरच्या ओळी वाचता आल्या म्हणजे सगळं आलं असंही नाही. पडद्याचा मध्यबिंदू सुटलेला असेल, तर रेषा पुढेही वाकड्या दिसू शकतात. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्याला सरळ शिलाई लाटेसारखी दिसली, तर रोजगारच अडतो. म्हणून जगभर वापरली जाणारी 'व्हीएफक्यू-२५' ही पंचवीस प्रश्नांची यादी रोजचं जगणं विचारते: पेपर वाचता येतो का, शिवण-स्वयंपाक जमतो का, अंधुक उजेडात पायऱ्या उतरता येतात का, दुसऱ्यावर किती अवलंबून आहात?

हे प्रश्न ऑपरेशनआधीच व्हायला हवेत. आपलं काम काय, ते डॉक्टरांना सांगा. नजर किती येईल, किती महिने लागतील, पुढे मोतीबिंदू लवकर होईल का, हे विचारून घ्या. आणि नंतर कधीही डोळ्यात ठिणग्या चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा कडेने सावली सरकली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. संध्याकाळच्या गर्दीत पुलाची शेवटची पायरी न चाचपता उतरता आली, तर त्या माणसापुरतं ऑपरेशन यशस्वी झालं.