रशियन भिंगाची पारख

जुन्या बाजारात पितळेचे भांडे घेताना घरातली वडीलधारी बाई त्यावरचे कारखान्याचे नाव वाचीत बसत नाही. ती भांडे हातात घेते, टिचकी मारते, नाद ऐकते, काठावरून बोट फिरवते आणि मगच भावाची गोष्ट काढते. सोव्हिएत काळातील कॅमेऱ्यांची जुनी भिंगे घेणाऱ्याने हीच रीत अंगी बाणवावी, असे माझे पंधरा वर्षांच्या या नादावरून ठाम मत झाले आहे. एकाच नावाची, एकाच कारखान्याची दोन भिंगे शेजारी ठेवली, तर त्यांतले एक रत्न निघावे आणि दुसरे नुसती काच, असा हा मामला आहे.

पुष्कळ वाचकांच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात एखादा 'झोर्की' किंवा 'फेड' चामडी पेटीत पडून असेल. घरातल्या तरुण मुलांना हल्ली पुन्हा फिल्मवर फोटो काढण्याची हौस लागली आहे. शिवाय आरसा नसलेल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर एक जोडकडे लावले की ही भिंगे बसतात. त्यामुळे मागणी वाढली, आणि मागणीबरोबर फसगतही वाढली. म्हणून हा लेखनप्रपंच.

रेंजफाइंडर म्हणजे काय, ते आधी दोन शब्दांत सांगतो. या कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही. वरच्या छोट्या खिडकीतून पाहतो. खिडकीच्या मध्यभागी एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचे कडे फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की अंतर जुळले. भिंगाची मागची कड कॅमेऱ्यातल्या एका लहानशा तरफेला ढकलते आणि ती तरफ प्रतिमा सरकवते. सारा कारभार या ढकलण्यावर चालतो. भिंग आणि तरफ यांचे जमले नाही, तर खिडकीत सगळे ठीक दिसते आणि फोटो मात्र धूसर येतो.

घराणे कोणते?

आपण सरसकट 'रशियन कॅमेरा' म्हणतो खरे, पण या मंडळींची घराणी तीन आहेत आणि त्यांतली दोन युक्रेनमधली. पहिले 'फेड'. खार्कोव शहरात १९२७ साली अनाथ व बेघर मुलांसाठी एक वसाहत सुरू झाली. प्रसिद्ध शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको तिचे चालक होते. वसाहतीला फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की यांचे नाव होते. त्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच 'फेड'. काल परवापर्यंत रस्त्यावर वाढलेली ही पोरे आधी विजेवर चालणारी ड्रिल यंत्रे बनवू लागली आणि १९३४ पासून जर्मन 'लायका'च्या बरहुकूम कॅमेरे. दुसरे घराणे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचे. तिथे १९४८ पासून 'झोर्की' निघू लागला. तिसरे कीएव्हच्या आर्सेनल कारखान्याचे. दुसऱ्या महायुद्धानंतर ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन कंपनीची यंत्रसामग्री युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत संघाने नेली, आणि तिच्या बळावर 'काँटॅक्स'चा जुळा भाऊ 'कीएव्ह' या नावाने १९४७ पासून तयार होऊ लागला.

हे घराणे माहीत असणे गरजेचे आहे, कारण भिंग बसवण्याची रीत त्यावर ठरते. फेड आणि झोर्की यांना ३९ मिलिमीटर व्यासाचे आट्यांचे तोंड असते. भिंग पेचाच्या झाकणासारखे फिरवून बसते. कीएव्हचे भिंग खाचेत अडकवून वळवावे लागते. एकाचे दुसऱ्याला चालत नाही. यात आणखी एक सापळा आहे. 'झेनित' हा आरशाचा कॅमेरा झोर्कीवरूनच बेतला गेला आणि सुरुवातीच्या झेनितलाही तेच ३९ मिलिमीटरचे आटे होते. पण त्याच्या पोटात आरसा असल्यामुळे भिंग फिल्मपासून ४५.२ मिलिमीटर दूर बसते. झोर्कीत हे अंतर २८.८ मिलिमीटर आहे. झेनितचे भिंग झोर्कीवर छान आवळून बसते, दुकानदारही हसतमुखाने बसवून दाखवतो, आणि एकही फोटो स्पष्ट येत नाही!

नावांची ओळख

आता भिंगांकडे वळू. 'इंडस्टार' आणि 'ज्युपिटर' ही दोन नावे लक्षात ठेवली की निम्मे काम झाले.

इंडस्टार म्हणजे साधे, गुणी, कमी खर्चाचे. झाइसच्या १९०२ सालच्या 'टेसार' भिंगाची ही रचना, चार काचांची. आत ढकलून बसणारे इंडस्टार-२२ आणि न ढकलता येणारे इंडस्टार-५० ही ५० मिलिमीटरची, एफ ३.५ ची. एफचा आकडा जितका लहान, तितके भिंग उजेडाच्या बाबतीत उदार, हे ओघाने सांगून ठेवतो. पुढे आलेल्या इंडस्टार-६१ मध्ये लँथॅनमयुक्त काच वापरली गेली. त्याचा एफ २.८ आहे आणि रेषा तो अगदी कोरून काढतो. देवळाचे शिखर, जुना वाडा, छापील मजकूर यांसाठी याच्यासारखे स्वस्त आणि चोख भिंग मला दुसरे माहीत नाही.

ज्युपिटर मात्र खानदानी. झाइस इकॉनसाठी लुडविग बेर्टेले यांनी काढलेल्या 'सोन्नर'ची ही सोव्हिएत शाखा. त्या काळी काचेवर चकाकी मारणारा लेप नव्हता. काच आणि हवा जिथे भेटतात, तिथे दर वेळी चार टक्क्यांच्या आसपास उजेड परतून वाया जाई आणि फोटोवर धुके पसरे. बेर्टेले यांनी सहा-सात काचा एकमेकींना चिकटवून त्यांचे तीनच गट केले, म्हणजे उजेड परतण्याच्या जागा केवळ सहा उरल्या. ज्युपिटर-८ हे ५० मिलिमीटरचे एफ २, ज्युपिटर-३ हे ५० मिलिमीटरचे एफ १.५ आणि ज्युपिटर-९ हे ८५ मिलिमीटरचे एफ २. ही तिन्ही याच कुळातली. कडेची वस्तू हळूहळू मऊ करीत जाणे आणि चेहरा लोभस उतरवणे हा त्यांचा स्वभाव. ज्युपिटर-११ हे १३५ मिलिमीटरचे लांब पल्ल्याचे. ज्युपिटर-१२ हे ३५ मिलिमीटरचे रुंद भिंग बेर्टेले यांच्याच 'बायोगॉन'वरून घेतलेले. त्याची मागची काच मोठ्या गोट्यासारखी बाहेर येते. ते टेबलावर तसेच टेकवले की काचेवर ओरखडा आलाच. मागचे खोल टोपण नसेल तर त्याला हातही लावू नये. नव्या कॅमेऱ्यावर लावण्याआधी ही काच आत कुठे अडत नाही ना, तेही पाहावे.

झोर्की-४ ची खिडकी फक्त ५० मिलिमीटरचे दृश्य दाखवते. ३५, ८५ किंवा १३५ चे भिंग घेतले, तर वर बसवायची वेगळी खिडकीही घ्यावी लागते. तिचा खर्च आधीच धरावा.

हातात घेऊन पाहावे

भिंगावरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा निर्मितीचे साल सांगतात. ५८ ने सुरू होणारे १९५८ चे. समोरच्या कड्यावर दोन खांब व वर आडवी तुळई अशा दाराच्या चौकटीसारखे लाल अक्षर असेल, तर काचेवर लेप आहे असे समजावे. विकणारे जुन्या सालाची फार थोरवी गातात. साल ऐकून घ्यावे आणि लगेच खिशातली विजेरी काढावी.

विजेरी मागून धरून भिंगात पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्या मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती हमखास धरते आणि लेप खाऊन टाकते. सगळीकडे दुधासारखा पडदा दिसला तर आतल्या वंगणाची वाफ काचेवर बसली आहे. ती पुष्कळदा साफ होते. काचेतले एखाद-दुसरे बुडबुडे निरुपद्रवी असतात. पुढच्या काचेवरच्या बारीक चरा फोटोत सहसा दिसत नाहीत, मागच्या काचेवरच्या मात्र दिसतात.

मग कडे फिरवावे. जड फिरले तर जुने वंगण सुकले आहे, एवढाच अर्थ. पण लुळे फिरत असेल, बोटांना खडखड जाणवत असेल, तर आटे झिजले आहेत, त्याला उपाय नाही. शेवटी स्क्रूंच्या खाचा पाहाव्यात. त्या खरवडलेल्या असतील तर कोणीतरी हौशी गृहस्थाने भिंग उघडून पुन्हा जोडले आहे. आतल्या पातळ चकत्या जराशा इकडच्या तिकडे झाल्या, तरी अंतराचा हिशेब चुकतो.

हा हिशेब दुकानातच तपासता येतो. झोर्की-४ चा मागचा भाग निघतो. शटर उघडे धरून, फिल्म जिथे बसते तिथे पारदर्शक कागदाची पट्टी ताणून लावावी, पडद्याला बोट लागू देऊ नये. खिडकीतून दूरच्या इमारतीच्या दोन प्रतिमा जुळवाव्यात आणि कागदावर ती इमारत स्पष्ट उतरते का, ते पाहावे. मग एक मीटरवर तिरके धरलेले वर्तमानपत्र घेऊन, छिद्र पूर्ण उघडून तेच करावे. लांबचे जमते आणि जवळचे फसते, असे ज्युपिटर 'लायका'वर लावल्यावर पुष्कळदा घडते, कारण लायकाची तरफ ५१.६ मिलिमीटरच्या भिंगाच्या चालीने बांधलेली आहे आणि सोन्नर कुळाची चाल ५२.४ च्या जवळपासची. डिजिटल कॅमेऱ्यावर प्रतिमा प्रत्यक्ष दिसत असल्याने हे भांडण उद्भवत नाही.

आमच्या घरची निवड

आमच्या घरी झोर्की-४ आला तो भिलाईहून. अण्णा तिथल्या पोलाद कारखान्यात होते आणि मायदेशी परतणाऱ्या एका रशियन तंत्रज्ञाकडून त्यांनी तो ज्युपिटर-८ सकट घेतला. अण्णांच्या मागे तो चामडी पेटीत राहिला. चामडे ओल धरते. कॅमेरा टिकला, भिंगातला लेप बुरशीने खाल्ला.

आई तेव्हा चौऱ्याऐंशीची होती. मोबाइल समोर धरला की ती तोंड फिरवी. "ह्यांच्या कॅमेऱ्याने काढणार असशील तर बसते," असे तिने एकदा सांगून टाकले. म्हणजे भिंग घेणे आले, आणि तेही लवकर.

दुकानदाराने आधी ज्युपिटर-३ पुढे केले. उजेडाला उदार, किंमत कितीतरी पट. पण हिशेब साधा आहे. एक मीटरवर एफ १.५ ला जेमतेम साडेतीन सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. नाकाचे टोक आणि कान यांत याहून जास्त अंतर असते, आणि म्हातारे माणूस बोलता बोलता तेवढे पुढे-मागे झुलतेच. एफ २ ला हा पट्टा पाच सेंटिमीटरच्या आसपास जातो, एफ २.८ ला सात. मी ज्युपिटर-८ च मागितले.

त्याच्याकडे तीन होती. पहिले १९५७ चे, काच आरशासारखी, पण स्क्रू खरवडलेले. कागदावर दूरची इमारत स्पष्ट उतरेना. दुसरे काळ्या रंगाचे, दिसायला नवे कोरे, विजेरीपुढे धरताच आत दुधाळ. तिसऱ्याच्या पुढच्या काचेवर केसाएवढी चर, रंग उडालेला, किंमत सर्वांत कमी. वर्तमानपत्राची अक्षरे त्याने एक मीटरवर स्वच्छ उतरवली. तेच घेतले.

सज्जात सकाळच्या उन्हाच्या आडोशाला आईला बसवले. छत्तीसपैकी चार फोटो मनाजोगे आले. एकात ती माझ्याकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहते आहे, ओळखीच्या माणसाकडे पाहावे तशी. दोन वर्षांपूर्वी ती गेली. भिंतीवर कोणता फोटो लावायचा, यावर आम्हा भावंडांत चर्चासुद्धा झाली नाही. चरेची खूण त्यात शोधूनही सापडत नाही.

घेणाऱ्याला चार शब्द

पहिलेच भिंग घेणार असाल तर इंडस्टार-६१ किंवा ज्युपिटर-८ घ्या. वास्तू आणि देखावे यांची आवड असेल तर पहिले, माणसांची असेल तर दुसरे. रुंद आणि लांब भिंगांचा विचार वर्षभराने करा. जर्मन शिक्के कोरलेला 'लायका' कोणी स्वस्तात देऊ लागला, तर तो बहुधा वेषांतर केलेला फेड किंवा झोर्की असतो, हे ध्यानात ठेवा. झोर्कीचा वेग बदलण्यापूर्वी शटर भरून घ्यायचे, नाहीतर आतली यंत्रणा बिघडते, हेही मुलांना बजावून ठेवा.

आणि घेतलेले भिंग चामडी पेटीत कोंडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी उजेड दाखवा. दिवाळीची आवराआवर चालू असेलच. त्यात वरच्या खणातली ती पेटी हाती लागली, तर फराळाला बसण्यापूर्वी एवढे करा: भिंग काढा, खिडकीशी जा आणि त्यातून आरपार पाहा.