पाकिटाचा माग

माझा भाचा परवा दुधनीत आमच्या घरी लॅपटॉप उघडून बसला होता. पडद्यावर एक इवलंसं पाकीट या यंत्राकडून त्या यंत्राकडे सरकत होतं. मी म्हटलं, "काय रे, हा टपालखात्याचा खेळ?" तो म्हणाला, "मामू, टपालच समजा."

तो सीसीएनए या परीक्षेची तयारी करतो आहे. सिस्को या अमेरिकन कंपनीची ही परीक्षा. संगणकांची जाळी उभारणाऱ्याला तिचा दाखला नोकरीच्या दारात उपयोगी पडतो. फी तीनशे डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर. नापास झालं की पुन्हा तेवढीच. आता दुधनी म्हणजे सोलापूर-वाडी लोहमार्गावरचं स्टेशन, तुरीची आडत आणि पलीकडे लगेच कर्नाटक. इथं राउटर आणि स्विच हाताळायला मिळणार कुठून?

ती सोय पॅकेट ट्रेसर या सॉफ्टवेअरनं केली आहे. सिस्कोनं १९९७ साली नेटवर्किंग अकादमी सुरू केली, तिचंच हे साधन. नाव नोंदवलं की फुकट मिळतं. चित्रातली यंत्रं ओढून पडद्यावर मांडायची, केबली जोडायच्या आणि खऱ्या राउटरला द्याव्यात तशा आज्ञा टाइप करायच्या. चुकलं तर काही जळत नाही.

मला आवडलं ते पाकिटाचं चालणं. राउटरच्या पलीकडच्या संगणकाला हाक मारली की चार पाकिटं निघतात. बऱ्याचदा पहिलं बुडतं आणि तीन पोचतात. पोरं घाबरतात, जोडणी चुकली म्हणतात. पण पाकिटाची चाल सावकाश करून पाहिली की कारण दिसतं. राउटरला घराचा नंबर माहीत असतो, दार माहीत नसतं. नवा पोस्टमन गल्लीत उभा राहून "अमुक कोण?" असं ओरडतो, तसं तो पलीकडच्या सगळ्यांना विचारतो. उत्तर एकच जण देतो. या विचारपुशीत पहिलं पाकीट गेलेलं असतं. खऱ्या तारेत हे डोळ्यांना दिसत नाही.

स्विचचा दिवाही तसाच. केबल जोडल्यावर तो अर्धा मिनिट नारिंगीच राहतो. जाळ्यात कुठं गोल फेरा तर पडत नाही ना, याची खात्री करून मग हिरवा होतो. भाच्यानं सुरुवातीला तेवढ्यात तीनदा केबल बदलली होती!

आता दुखणं सांगतो. शहरातल्या एका क्लासनं त्याला जाडजूड नोट्स विकल्या. त्यांत परीक्षेचे दोन भाग दिले होते, एक आज आणि एक सवडीनं द्यायचा. ती पद्धत फेब्रुवारी २०२० मध्येच संपली. तेव्हापासून २००-३०१ क्रमांकाची एकच परीक्षा असते, दोन तासांची. तीत वायरलेस, सुरक्षा आणि यंत्रांना प्रोग्रॅमनं हुकूम देण्याचे भाग आले. ऑगस्ट २०२४ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचीही तोंडओळख आली. नोट्समध्ये मात्र फ्रेम रिले हे परीक्षेतून केव्हाच गेलेलं तंत्र पानंच्या पानं भरून होतं. पोरानं चार महिने ते घोकलं. नोट्स विकत घेण्याआधी परीक्षेचा चालू क्रमांक आणि विषयांची यादी सिस्कोच्याच संकेतस्थळावर पाहावी. ती यादी फुकट आहे. आमच्या घरात हे कुणाला सुचलं नाही, त्यात मीही आलो.

पॅकेट ट्रेसरलाही मर्यादा आहेत. खऱ्या यंत्राच्या सगळ्या आज्ञा त्यात चालत नाहीत. जीएनएस३ नावाचं दुसरं साधन खऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअरच चालवतं, पण त्याला दणकट संगणक लागतो आणि ते मूळ सॉफ्टवेअर आपलं आपल्याला मिळवावं लागतं. शिवाय पडद्यावरच्या केबलीला उंदीर लागत नाही.

म्हणून भाच्यानं केबलीची टोकं दाबायचा चिमटा आणला. आठ तारा, त्यांचा क्रम ठरलेला : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मी तो दोनदा ऐकला आणि मला पाठ झाला. मात्रा मोजायची सवय, दुसरं काय. पहिली केबल मेली, हिरव्या-निळ्याची अदलाबदल झाली होती. दुसरीत एक तार आखूड पडली. तिसरी जोडली, तेव्हा दिवा नारिंगी झाला. दोघंही न बोलता बघत बसलो. अर्ध्या मिनिटानं तो हिरवा झाला.