मोटारसायकलच्या इंजिनाची पुनर्जोडणी

मोटारसायकलच्या इंजिनाची पुनर्जोडणी म्हणजे दुरुस्तीसाठी सुटे केलेले इंजिन, त्यातील झिजलेले भाग बदलून वा दुरुस्त करून, ठरलेल्या क्रमाने व मापाने पुन्हा जोडण्याची क्रिया होय. बोलीभाषेत तिला ‘इंजिन बांधणे’ असेही म्हणतात. सुटे करण्याचा क्रम उलटा फिरवला की जोडणी झाली, हा समज अर्धाच खरा आहे. उघडताना कोणता भाग कोणत्या दिशेला होता याचा विचार न करताही तो निघतो. बसवताना मात्र दिशा, खूण, फट आणि ताण ही प्रत्येक ठिकाणी जाणीवपूर्वक ठरवावी लागतात. शिवाय यातील काही चुका इंजिन सुरू होईपर्यंत दिसत नाहीत, आणि सुरू झाल्यावर दिसतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

पार्श्वभूमी

भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ राजदूत, येझदी यांसारख्या टू-स्ट्रोक मोटारसायकली आणि फोर-स्ट्रोक बुलेट यांचे राज्य होते. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडी आली व इंधनाच्या बचतीमुळे रुळली. १९९४ मध्ये आलेल्या स्प्लेंडरमध्येही त्याच घराण्यातील इंजिन होते. त्याच्या सिलिंडरचा व्यास ५० मिमी व पिस्टनची धाव ४९.५ मिमी, वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून विद्यार्थ्यांना ९७.२ घन सेंटिमीटर ही क्षमता स्वतःच काढून पाहता येईल. पुढील वर्णन मुख्यतः अशा एक-सिलिंडरी, हवेने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनाला धरून आहे.

नाशिकमधील अंबड येथे, मुंबई–आग्रा महामार्गालगत, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे. पाळीवर जाणाऱ्या कामगाराची दुचाकी बंद पडणे म्हणजे त्याची रोजची सोयच बंद पडणे. त्यामुळे घरच्या अंगणात इंजिन उघडण्याचा मोह समजण्यासारखा आहे. फिटर किंवा टर्नर म्हणून काम करणाऱ्याला मायक्रोमीटर, फीलर गेज व टॉर्क पाना ही साधने परिचयाचीच असतात. तरीही सर्व कामे घरी होत नाहीत. सिलिंडरला बोअर मारणे, होनिंग करणे, क्रँकच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बदलणे यांसाठी यंत्रशाळेतच जावे लागते. घरी करावयाचे ते मोजमाप, स्वच्छता आणि जोडणी.

स्वच्छता व पूर्वतयारी

भाग रॉकेलने धुऊन, पुसून, कोरडे केले जातात. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले थर खरवडताना अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ओरखडा पडता कामा नये, कारण पुढे तेथूनच ऑइल झिरपते. व्हॉल्व्ह घासण्यासाठी वापरलेल्या पेस्टचा कण जरी आत राहिला तरी तो सिलिंडरलाही घासत राहतो. ती पेस्ट कापणारीच असते. पॅकिंग, ऑइल सील व पिस्टन पिनची लॉके नवीच वापरावीत. येथे वाचवलेले पैसे पुढे सिलिंडरच्या रूपाने द्यावे लागू शकतात.

पिस्टन आणि रिंगा

सिलिंडर झिजला असल्यास त्याला ०.२५ मिमी, ०.५० मिमी अशा टप्प्यांनी मोठा बोअर मारून त्याच मापाचा पिस्टन घेतात. नवी रिंग पिस्टनवर चढवण्यापूर्वी ती एकटीच सिलिंडरमध्ये सरळ ढकलून तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने मोजतात. या आकाराच्या इंजिनात ती मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी असते. फट मुळीच नसेल तर तापल्यावर रिंग प्रसरण पावते, टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडरमध्ये आवळून बसते किंवा मोडते. फट फार मोठी असेल तर दाब निसटतो व ऑइल जळते.

वरच्या दोन रिंगा दाब धरतात. खालची, बहुधा तीन तुकड्यांची, भिंतीवरचे जादा ऑइल खरवडते. रिंगेवर कोरलेले अक्षर वरच्या बाजूस, म्हणजे हेडकडे, ठेवावे लागते. तिन्ही रिंगांची तोंडे एका रेषेत न ठेवता साधारण १२० अंशांच्या अंतराने वळवतात, म्हणजे दाबाला खाली निसटायला सरळ वाट मिळत नाही. पिस्टनच्या माथ्यावरील ‘इन’ ही खूण इनलेट व्हॉल्व्हच्या बाजूस येते.

पिस्टन पिनची लॉके हा या कामातील सर्वांत लहान आणि सर्वांत दगाबाज भाग होय. लॉक बसवताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबून ठेवतात, नाहीतर निसटलेले लॉक आत पडून उरलेले इंजिनही उघडावे लागते. लॉकचे उघडे तोंड पिस्टनवरील खाचेसमोर येऊ देऊ नये. चालत्या इंजिनात लॉक सुटले तर पिन बाजूला सरकते आणि काही क्षणांत सिलिंडरची भिंत कोरून काढते.

टू-स्ट्रोक इंजिनात रिंगांचा नियम वेगळा आहे. तेथे सिलिंडरच्या भिंतीतच पोर्ट असतात व रिंगेचे टोक त्यात अडकू नये म्हणून पिस्टनच्या खाचेत बारीक खुंटी असते. रिंगेचे तोंड त्या खुंटीवरच यावे लागते.

टायमिंग जुळवणे

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा होतो, म्हणून कॅमच्या दातेरी चक्राला क्रँकच्या चक्राच्या दुप्पट दाते असतात. जोडताना मॅग्नेटवरील ‘टी’ खूण क्रँककेसवरील खुणेसमोर आणतात. पिस्टन तेव्हा सर्वांत वर असतो. त्याच स्थितीत कॅमच्या चक्रावरील खूण हेडवरील खाचेशी जुळवून टायमिंग चेन चढवतात.

एक दात चुकल्याने काय बिघडते? समजा कॅमच्या चक्राला २८ दाते आहेत. एक दात चुकला की कॅम सुमारे १३ अंशांनी, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने सुमारे २६ अंशांनी, मागेपुढे होतो. व्हॉल्व्ह अवेळी उघडतात, गाडी ओढत नाही किंवा सुरूच होत नाही. चूक अधिक दातांची असेल तर काही इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळून वाकतो. म्हणून किक मारण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवतात व खुणा पुन्हा जुळतात का ते पाहतात. मध्येच कठीण अडथळा जाणवला तर जोर लावायचा नसतो.

हेड आवळणे व टॅपेट

हेडच्या नटांखालील वॉशर सारखे नसतात. काही इंजिनांत एका स्टडच्या कडेने ऑइल वर जाते व तेथे तांब्याचे वॉशर लागते; ते दुसरीकडे गेले तर गळती होते. नट समोरासमोरच्या कर्णक्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. एकच नट आधी पूर्ण आवळल्यास हेड तिरके बसते. अ‍ॅल्युमिनियममधील आटे स्टीलच्या बोल्टपुढे दुबळे असतात. ‘अजून थोडे’ म्हणत आवळणारा हात ते सहज फाडतो. ताणाचा आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

टॅपेटची फट थंड इंजिनात, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना ठेवतात. ‘टी’ खूण दोन फेऱ्यांत दोनदा येते, पण दोन्ही रॉकर किंचित हलतात ती वेळ एकदाच. फट कमी राहिली तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही व जळतो. जास्त राहिली तर टकटक ऐकू येते. आवाज नकोसा वाटून टॅपेट घट्ट करणे ही घरगुती दुरुस्तीतील नेहमीची चूक आहे. टकटकणारा टॅपेट बरा.

पहिली सुरुवात

ऑइल भरल्यावर प्लग काढलेल्या स्थितीतच किक काही वेळ फिरवतात, म्हणजे पंपातून ऑइल कॅमपर्यंत पोहोचते. त्यानंतरच प्लग बसवून इंजिन सुरू करतात. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी बसेपर्यंत, पहिले काही शे किलोमीटर, गाडी भरधाव नेत नाहीत, जड ओझे लादत नाहीत आणि एकाच वेगाने फार वेळ चालवत नाहीत. या काळात झिजून निघालेला धातूचा कीस ऑइलमध्ये उतरतो, म्हणून हे ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलतात. काढलेले काळे ऑइल गटारात ओतू नये. अंबड–सिडको परिसरालगतची नासर्डी, म्हणजेच नंदिनी, नदी पुढे गोदावरीला मिळते. जुने ऑइल डब्यात साठवून गॅरेजमार्फत पुनर्प्रक्रियेसाठी देता येते.