लोखंड टिकतं, रबर जातं

कोकणातली जुनी मोटरसायकल आधी मडगार्डाखालून कुजते. जयपूरच्या दक्षिणेला, सांगानेरलगतच्या प्रताप नगरात नेमकं उलटं. राजस्थान हाउसिंग बोर्डाने सेक्टर पाडून वसवलेल्या या वसाहतीत पावसाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर हवा कोरडी. त्यामुळे जिन्याखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या येझ्दीचा क्रोम ओल्या फडक्यानेही उजळतो, आणि फूटरेस्टचं रबर मात्र अंगठ्याने दाबलं की कडकडून तुटतं. लोखंडाचा गंज घासून काढता येतो, पत्रा वेल्डिंग करून जोडता येतो. गेलेलं रबर परत आणायची युक्ती कुणाकडेही नाही. आहे ती फक्त त्याचं जाणं लांबवण्याची कला, आणि बरेचजण त्या नावाखाली ते लवकर घालवतात.

चार्ल्स गुडइयर यांनी 1844 साली पेटंट घेतलं ती कृती आजही मुळात तीच आहे: कच्च्या रबरात गंधक मिसळायचा, तापवायचं. गंधकाच्या टाक्यांनी रबराचे लांब धागे एकमेकांना बांधले जातात आणि ते ताणून सोडलं की मूळ आकाराला येतं. पण हे टाके घालायचं काम मोटरसायकलवर चढल्यावरही थांबत नाही. उष्णता आणि प्राणवायू नवे टाके घालत राहतात, आणि रबर कडक होत जातं. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात जयपूरचा पारा 45 च्या आसपास जातो. पत्र्याखाली किती होत असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

दुसरा शत्रू ओझोन. गाड्यांचा धूर आणि कडक ऊन एकत्र आले की तो तयार होतो, म्हणजे टोंक रोडच्या बाजूला त्याची ददात नाही. ओझोनची खोड अशी, की सैल पडलेल्या रबराला तो फारसं काही करत नाही, ताणलेल्या रबराला चिरतो. पेट्रोलची नळी कॉकच्या तोंडावर जिथे ओढून बसवलेली असते, नेमक्या तिथेच भेगा दिसतात, आणि त्याही ताणाच्या दिशेला आडव्या. नळी वाकवून बाहेरच्या वळणावर भिंग धरलं तर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगाही ओळीने दिसतात. म्हणून जुन्या ट्यूब खिळ्याला टांगू नयेत. उभी गाडी मेन स्टँडवर घेऊन, खाली टेकू देऊन दोन्ही चाकं जमिनीवरून उचलावीत.

आता घरगुती अत्याचार. टायरवर तपकिरी झाक येते, ती मळ समजून लोक पेट्रोलच्या फडक्याने पुसतात. ती झाक म्हणजे कारखान्यात मुद्दाम मिसळलेली औषधं. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि ओझोनचा मार स्वतःवर घेतात. पुसली की कवच गेलं. ग्रीस आणि इंजिन ऑइल नैसर्गिक रबराला फुगवतात. बुलेटच्या इंजिनातून तेल ठिबकतं ही तक्रार जुनीच. त्या तेलात भिजलेली रबरं चिकट, लिबलिबीत होतात. चकचकीत पॉलिशने फूटरेस्ट देखणी दिसते, पण बूट घसरतो.

जुन्या टाइपरायटरचे रोलर मऊ करणारे लोक विंटरग्रीन, म्हणजे गंधपुरा तेल वापरत. आयोडेक्ससारखा वास. कडक ग्रिपला ते लावलं की ती फुगून मऊ होते, हे खरं. तेल उडून गेलं की पुन्हा कडक, आणि जास्त मुरलं तर आकारच बिघडतो. ग्रिप न फाडता हँडलवरून उतरवायला याचा उपयोग जरूर करावा. कायमचा इलाज म्हणून माझा त्यावर भरवसा नाही.

जपायचं ते दिसणारं रबर. येझ्दी बनवणारा मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, त्यामुळे साच्यातून उमटलेल्या अक्षरांची मूळ फूटरेस्ट रबरं आता आहेत तेवढीच. दिल्लीच्या करोल बागेत बुलेटचे हवे ते भाग मिळतात, पण नव्या रबराची घडण जुन्यासारखी असेलच असं नाही. उलट आत दडलेलं रबर जपणं हा मूर्खपणा आहे. येझ्दीसारख्या दोन स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हवाबंद असावी लागते. क्रँकचा एका बाजूचा ऑइल सील कडक झाला की इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून पांढरा धूर ओकतं. दुसऱ्या बाजूचा गेला तर हवा शिरते, आयडलिंग आपोआप चढतं आणि पिस्टन तापून अडकतो. आयडलिंग का चढतं म्हणून कार्ब्युरेटर उघडून थकलेल्या मिस्त्रीला सीलबद्दल एकदा विचारावं. 2023 पासून पंपावर आलेल्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे तर जुन्या नळ्या आणि कॉकची रबरं बदलणं भागच आहे. टायरचंही तसंच: बाजूवर चार आकडे असतात, 2315 म्हणजे 2015 चा 23 वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातला. नक्षी कितीही शाबूत असो, त्यावर बसू नये.

काढून ठेवलेली मूळ रबरं साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावीत, टाल्कम पावडर लावून, न दुमडता, काळ्या पिशवीत अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवावीत. गॅरेजमध्ये ठेवू नयेत. ड्रिल आणि ग्राइंडरच्या ब्रशमधून उडणाऱ्या ठिणग्या आणि वेल्डिंगचा झोत, दोन्ही ओझोन तयार करतात.