सरांना नको, मलाच सांगा!

दूधवाला बदला, गॅसची एजन्सी बदला, नाहीतर केबलवाला बदला. ठरवतं सगळं घर, पण निस्तरावं लागतं ते घरातल्या बाईलाच. इंटरनेटचंही तेच! मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २०११ मध्ये आली. घरच्या ब्रॉडबँडचं तसं नसतं बरं का. इथं कंपनी बदलली की नवी वायर, बहुतेक वेळा नवा राऊटर, नवा पासवर्ड आणि नवी डोकेदुखी.

आमच्या वाईच्या घरी गेल्या पावसाळ्यात हेच झालं. मी संध्याकाळी सात ते नऊ गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. चौदा मुलं, त्यातली सहा दहावीची. त्या फीमधून महिन्याचं वाणसामान आणि सासूबाईंची औषधं निघतात. जुनी लाईन सारखी बंद पडायची म्हणून नवी घेतली, तर पहिल्याच आठवड्यात तीन तास अर्ध्यावर बुडाले. एका मुलीच्या आईचा फोन आला, "मॅडम, असंच चालणार असेल तर आम्ही दुसरा क्लास बघतो." पोटात गोळाच आला.

कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, घरात सर आहेत का? त्यांना द्या ना." सर बँकेत होते, आणि घरी असते तरी राऊटर कुठं ठेवलाय हे त्यांना मलाच विचारावं लागलं असतं! म्हटलं, "दादा, मलाच सांगा. मी लिहून घेते."

आमच्या धाकट्या दिरांचा मुलगा पुण्यात नेटवर्किंगचं काम करतो. त्यानं एक सोपं सूत्र दिलं. "काकू, आधी दुखणं कुठं आहे ते शोधा. बाहेरच्या लाईनमध्ये, की घरातल्या वाय-फायमध्ये?"

पहिली तपासणी दिव्यांची. फायबरच्या डब्यावर 'एल-ओ-एस' लिहिलेला दिवा लाल लागला, तर बाहेरून येणारा प्रकाश पोचत नाही असं समजायचं. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. जोडणाऱ्यानं ती आमच्या कपाटामागे पार दुमडून कोंबली होती. कपाट सरकवलं, वळण ऐसपैस केलं आणि लाल दिवा गेला. या तारेच्या टोकात मात्र डोकावून बघू नका. त्यात लेझर असतो, डोळ्यांना दिसत नाही पण इजा करतो.

दिवे ठीक, तरी व्हिडिओ अडकायचाच. मग दुसरी तपासणी. लॅपटॉप लॅनच्या वायरीनं थेट राऊटरला जोडायचा आणि स्पीड मोजायचा. वायरीवर पुरा आणि वाय-फायवर कमी, तर दोष घरातला. वायरीवरही कमी, तर बहुधा कंपनीचा. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. दुपारी वायरीवर ९० च्या वर, आणि माजघरात वाय-फायवर जेमतेम ८! जुन्या घराच्या दीड-दीड फुटी भिंती, दुसरं काय? वाय-फायच्या यादीत '५जी' लावलेलं नाव वेगवान असतं, पण भिंतीपलीकडे लवकर दमतं. २.४ वालं हळू, पण लांब पोचतं. मी राऊटर कपाटामागून काढून मधल्या खोलीत उंचावर ठेवला आणि क्लासच्या लॅपटॉपला वायरच जोडली.

तरी संध्याकाळी सात वाजता वायरीवरही आकडा १२ ते १५! सगळं गाव त्याच वेळी मोबाईल-टीव्ही घेऊन बसतं ना. पाच दिवस दुपारी तीन आणि संध्याकाळी सात, असे दोन्ही आकडे वहीत टिपले आणि तक्रार नोंदवली. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीला नंबर मिळायलाच हवा. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनामूल्य अपील करता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर आहे, तीही ध्यानात ठेवा.

आलेल्या माणसानं वही वाचली आणि सरांची चौकशी केली नाही. आमची लाईन कमी गर्दीच्या जोडणीवर टाकली. आता सातलाही ८० मिळतात. त्या आईनं मुलीला ठेवलं. आठवीचा एक मुलगा मात्र गेला तो गेलाच.

मैत्रिणींनो, कंपनी बदलणार असाल तर नवी लाईन संध्याकाळच्या गर्दीत आठवडाभर चालवून बघा, मगच जुनी तोडा. नव्या राऊटरला वाय-फायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे घरातले सगळे फोन आणि टीव्ही आपोआप जोडले जातात. आणि जुना राऊटर परत दिल्याची पावती नीट जपून ठेवा. डिपॉझिट मागायला गेलात की पहिली तीच विचारतात.