मांडीच्या आतली पकड

रायगडच्या श्रीवर्धन तालुक्यात बोर्ली पंचतनहून दिवेआगरकडे निघालं की नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. अशाच एका वाडीत, अगदी बुंध्याशी उभं राहून, मी सुपारी काढणाऱ्या गड्याला पोफळीवर चढताना पाहिलं. पावलांत दोरीचा फास, कमरेला कोयता. हातांनी खोड कवटाळून तो पाय वर ओढून घेई. गुडघे बाहेर फाकत, दोन्ही पावलं दोन बाजूंनी खोडावर दाबली जात आणि पाय ताठ होताच अंग वर सरके. पाहणाऱ्याची नजर दंडांवर जाते. पण तो डोक्यावरून वर जाताना त्याच्या मांड्यांची आतली बाजू बघितली, तर तिथले स्नायू दोरखंडासारखे उठून आले होते. शेंड्याशी त्याचे दोन्ही हात घड कापण्यात गुंतले. पोफळ वाऱ्यानं झुलत होती, माणूस मात्र जागचा हलला नाही.

मांडीच्या आत असे पाच स्नायू आहेत. सगळे जांघेकडच्या हाडापासून निघतात. चार मांडीच्या हाडाला जाऊन मिळतात, पाचवा, लांब आणि सडपातळ, गुडघा ओलांडून नडगीच्या हाडापर्यंत पोचतो. पाय आत ओढणं हे त्यांचं काम. शिवाय चालताना एका पायावर भार आला की बाहेरच्या स्नायूंच्या जोडीनं ते कंबर सावरतात. साध्या बैठकांत त्यांना पुरेसं काम मिळतंच असं नाही.

आपल्या मल्लखांबानं मात्र त्यांना पहिल्यापासून मान दिला. पेशव्यांचं मूळ याच तालुक्यातल्या श्रीवर्धनचं, आणि मल्लखांबाला नवं रूप देणारे बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. एरंडेल लावलेल्या लाकडावर मांड्यांनी ‘अढी’ धरायची आणि हात सोडायचे! अढी कच्ची असेल तर पुढची कसरत उभीच राहत नाही.

रायगडच्या कबड्डीपटूंना तर या स्नायूंच्या ताकदीची फार गरज आहे. चढाईत पाय लांब फेकताना जांघ भरते, ती नेमकी याच स्नायूंच्या ताणानं. नॉर्वेतल्या 35 फुटबॉल संघांवरचा अभ्यास 2019मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या स्नायूंचा एकच व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत जांघेच्या तक्रारींचा धोका 41 टक्क्यांनी कमी आढळला. या व्यायामाला साहित्य काही लागत नाही. कुशीवर झोपून कोपरावर टेकायचं, वरचा पाय जोडीदारानं धरायचा, मग कंबर उचलून खालचा पाय वरच्याला भिडवायचा आणि सावकाश खाली आणायचा. सुरुवातीला जोडीदारानं पाऊल न धरता गुडघ्याखाली आधार द्यावा, भार बराच हलका होतो. तेही जड वाटलं तर उताणं झोपून, गुडघे दुमडून, त्यांच्यामध्ये उशी दाबून धरावी. स्नायू थकल्याची कळ चालेल. जांघेत टोचणारी कळ आली की त्या दिवशी थांबावं. खोकताना तिथे फुगवटा दिसला तर अंतर्गळाची शंका घेऊन आधी डॉक्टरांना दाखवावं.